हाडाचा धागा

सासूबाईंच्या गालातून सुई आत गेली, कुठल्याशा हाडावर आपटली आणि परत आली. एकदा नाही, चार वेळा. मग सर्जननी सुई खाली ठेवली, बाहेर येऊन मास्क हनुवटीखाली ओढला आणि आम्हाला सांगितलं, की पेशंट हलल्या, त्यामुळे जमलं नाही.

मी दाराबाहेरच उभी होते. दाराला ताटलीएवढी गोल काच होती आणि तिच्यातून मला टेबलाचं फक्त पायाकडचं टोक दिसत होतं. सासूबाईंचे पाय. चाळीस मिनिटं मी त्या पायांकडे बघत होते, कारण दुसरं काही दिसत नव्हतं आणि न बघता मला राहवत नाही. आठ महिन्यांपूर्वी आमची लेक गुंडी झाल्यापासून तर ही खोड फारच वाढली आहे. ती झोपली की तिचं पोट वरखाली होतंय ना, ते मी मोजत बसते. तर सांगायचं ते हे, की त्या चाळीस मिनिटांत सासूबाईंच्या पायाचं एक बोटसुद्धा हललं नव्हतं.

हे दुखणं दोन वर्षांचं. उजव्या गालात वीज कडाडावी तशी कळ उठायची. वाऱ्याची झुळूक आली, दात घासले, घास चावला, कशानंही. फोनवर तासतासभर बोलणाऱ्या सासूबाई ओठ न हलवता दोन-दोन शब्दांवर आल्या होत्या. गोळ्या वाढवल्या की भोवळ यायची, दोनदा पडल्या. कवटी उघडून करायच्या ऑपरेशनला हृदयाच्या डॉक्टरांनी साफ नकार दिला. उरला हा सुईचा उपाय. चेहऱ्याची नस कवटीच्या तळातल्या एका लंबगोल भोकातून बाहेर येते. तोंडाच्या कोपऱ्याजवळ सुई टोचायची, गालातून वर नेऊन त्या भोकात घालायची आणि नसेला किंचित चटका द्यायचा. अर्ध्या तासाचं काम. फक्त सुई भोकात शिरायला हवी.

सर्जन म्हणाले, पुढच्या आठवड्यात, गुरुवारी, अजून एकदा बघू. तेव्हाही नाही जमलं तर थांबायचं. आजूबाजूला मोठ्या रक्तवाहिन्या आहेत, पुन्हापुन्हा टोचत राहणं धोक्याचं. म्हणजे नऊ दिवस आणि एक संधी.

घरी आल्यावर माझा नवरा आईची समजूत घालायला बसला. भीती वाटली की माणूस हलतंच, त्यात काही गैर नाही, पुढच्या वेळी डोळे मिटून शंभरपर्यंत आकडे म्हणायचे, असं बरंच काही. सासूबाईंनी ते सगळं ऐकून घेतलं. चाळीस वर्षं त्यांनी बायकांचे कपडे शिवले आहेत. त्यांनी गालाला हात न लावता, दातांच्या फटीतून एकेक शब्द सोडला.

"लोकांच्या अंगावर टाचण्या लावल्यात मी. कोण हलतं, मला कळतं. मी नाही हलले."

"अगं पण डॉक्टर म्हणतात ना."

"त्यांचं माप चुकलं असेल."

एवढं बोलल्याचीही किंमत मोजावी लागली. कळ आली, डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि त्या भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या. नवरा माझ्याकडे बघून खांदे उडवत म्हणाला, ही म्हणजे ना, आजारपणातही दुसऱ्याच्याच कामात खोट काढणार. पण माप हा शब्द माझ्या डोक्यात जाऊन बसला, कारण मापं घेणं हेच माझं काम आहे.

मी मेडिकल कॉलेजच्या शरीररचना विभागात नोकरी करते. हॉस्पिटलच्या अंगणापलीकडची दुमजली इमारत. बाळंतपणाची रजा संपवून मला रुजू होऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. आमच्या हाडांच्या खोलीत उंच खिडक्या आहेत, भिंतीला लागून काचेची कपाटं आणि कपाटांत एकशे साठ कवट्या. प्रत्येक कवटी जुन्या चादरीच्या चुंबळीवर ठेवलेली, प्रत्येकीच्या कानशिलावर काळ्या शाईत नंबर. माझं काम म्हणजे शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसला व्हर्निअर कॅलिपर घेऊन त्यांच्या तळाची भोकं मोजायची. भोक किती लांब, किती रुंद, गालाच्या हाडापासून किती आत.

हे कशाला, ते मॅडमनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मॅडम म्हणजे आमच्या विभागप्रमुख. त्या म्हणाल्या, कवट्या मोजणाऱ्यांची जात बदनाम आहे. कोण शहाणं आणि कोण अडाणी, हे ठरवायला लोक पट्ट्या घेऊन बसायचे आणि नसतं ते सिद्ध करायचे. आपण मोजतो ते एवढ्याचसाठी, की सर्जन ज्या पुस्तकावरून शिकतात त्यातल्या कवट्या दुसऱ्या मुलखातल्या आहेत आणि ज्यांच्या डोक्यात सुई घालायची ती माणसं इथली आहेत. त्यांच्यातल्या कोणाचंही डोकं उजवं नाही की डावं नाही. पण दार कुठे आहे ते घरोघरी थोडं वेगळं असतं, आणि अंधारात शिरणाऱ्याला ते माहीत असायला हवं.

आणि ते खरंच वेगळं होतं. माझ्या आतापर्यंतच्या मापांत ते भोक गालाच्या हाडापासून पुस्तकातल्यापेक्षा काडेपेटीतल्या एका काडीच्या जाडीएवढं जवळ पडत होतं. ऐकायला काहीच नाही. पण गालाबाहेरून आंधळेपणाने वर चढणाऱ्या सुईला एक काडी पुष्कळ होते. आमचे सर्जन शहाणे आहेत, त्यांनी मॅडमकडून हा आकडा आधीच घेतला होता. शिवाय सुई घालताना एक्स-रेचा पडदा समोर असतोच. सासूबाईंच्या वेळी त्या पडद्यावर भोक दिसत होतं आणि सुईचं टोक बरोबर भोकाच्या तोंडाशी दिसत होतं. तरी ती आत जात नव्हती. म्हणूनच ते म्हणाले, की पेशंट हलल्या. दुसरं कारणच दिसत नव्हतं.

बुधवारी सकाळी मी गुंडीला पाळणाघरात सोडलं, दोनदा मागे वळून पाहिलं, कॉलेजात पोचल्यावर फोन करून तिने दूध घेतलं का ते विचारलं आणि एक नंबरची कवटी चुंबळीसकट टेबलावर घेतली. माझ्या पिशवीत गुंडीचं टोपडं विणायला घेतलेली सुई होती, बारीक नंबरची. टोपडं तसंच पडलेलं. मी ती सुई काढली, सर्जन जिथून टोचतात तिथे अंदाजाने धरली, आणि कवटी उताणी करून सुई वर नेली. सरळ भोकात गेली. दोन नंबर, गेली. तीन नंबर, गेली. मॅडम मागून जाता जाता थांबल्या आणि म्हणाल्या, विणकाम कधीपासून सुरू केलंस इथे. मी काय करते आहे ते सांगितल्यावर त्या गंभीर झाल्या. सासूबाईंचं त्यांना माहीत होतं.

एक शक्यता आहे, त्या म्हणाल्या. काही माणसांत त्या भोकाच्या खालून हाडाची एक बारीक पट्टी आडवी जाते. दाराला अडसर घालावा तशी. पडद्यावर भोक दिसतं पण सुई पट्टीला अडते. मात्र ते फार विरळा. दहा वर्षांपूर्वी त्यांनीच ह्याच कपाटांतल्या कवट्या तपासून एक लेख लिहिला होता, शंभरात दोन. तो वाचूनच सर्जन त्या पट्टीचा विचारही करत नाहीत.

मी तरी सुई घालत गेले. जेवायच्या सुट्टीपर्यंत चाळीस कवट्या झाल्या आणि एकच अडली. मॅडमचा आकडा अगदी बरोबर होता. मी खट्टू होऊन ती चाळिसावी कवटी परत ठेवायला उचलली आणि खिडकीच्या उजेडात तिरकी झाली ती. भोकाच्या बाहेरच्या कडेला एक खडा होता. अगदी बारीक, मोहरीएवढा. आणि समोरच्या कडेला दुसरा. एकमेकांकडे तोंड करून बसलेले.

तुटलेल्या पुलाचे दोन्ही काठ कसे दिसतात, तसे.

मी भिंग घेतलं. भोकाची कड गुळगुळीत होती, जन्मापासून असावी तशी. पण ह्या दोन खड्यांची टोकं खडबडीत, आत जाळीजाळीची. हाड आपोआप थांबलं तर त्याचं टोक गोल होतं. हे मोडलेलं होतं. असेल, जुनी कवटी, कोणाच्या हातून पडली असेल. मी एकोणचाळीस नंबर काढली. नीट. अडतीस, नीट. सदतीस, पुन्हा दोन खडे. डबा तसाच राहिला. मी एकेक करून चाळीसही कवट्या पुन्हा उताण्या केल्या आणि भिंगाखाली घातल्या. पाच कवट्यांत तीच मोडतोड, त्याच जागी. पडून मोडलं असतं तर नाकाचं हाड आधी मोडलं असतं, डोळ्याच्या खोबणीची कागदासारखी भिंत मोडली असती. ती सगळी शाबूत होती. फक्त भोकासमोरचा धागाच कोणीतरी वेचून काढलेला.

वेचून काढणारा माणूस एकच असू शकत होता. मामा.

मामा आमच्या विभागातले सर्वांत जुने मदतनीस. हाडं उकळायची, धुवायची, वाळवायची, त्यांच्यावर नंबर घालायचे, हे सगळं त्यांच्या हातचं. मॅडम शिकत होत्या तेव्हाही मामा होते, आणि मॅडमना ते अजून अधूनमधून 'बाळ' म्हणतात. ते मागच्या ओट्यावर मणके वाळत घालत होते. मी सदतीस नंबर त्यांच्यासमोर धरली आणि विचारलं, की मामा, इथे काही होतं का.

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, कवटी डोळ्याला लावली आणि खूश झाले.

"किती स्वच्छ निघालंय बघ. माझंच काम आहे हे."

"स्वच्छ म्हणजे?"

"अगं, परीक्षेला पोरांना प्रत्येक भोकातून काडी घालून दाखवावी लागायची. काडी अडली की पोरं रडकुंडीला यायची, आणि मोठे सर ओरडायचे ते माझ्यावर, मामा, भोक साफ नाही. मग मी चिमट्याने खुट्ट करून काढायचो. केसाएवढं तर असतं. कचराच तो."

मला हसावं की रडावं कळेना. मी त्यांना विचारलं, की असं किती कवट्यांत केलं. ते म्हणाले, जिथे जिथे अडलं तिथे. किती, ते कोण मोजतंय. एक-दोन नजरेतून सुटल्या असतील. नजरेतून सुटलेल्या त्या एक-दोन, आणि मॅडमचा आकडा शंभरात दोन. मॅडमनी दहा वर्षांपूर्वी जे मोजलं होतं ते लोकांच्या डोक्यातलं हाड नव्हतंच, ती मामांची सुटलेली नजर होती.

माझं तोंड बघून मामांना काहीतरी बिनसलंय हे कळलं. त्यांनी कवटी मांडीवर ठेवली. मी त्यांना सासूबाईंचं सांगितलं. सुई, आपटणं, गुरुवार. त्यांनी बोटाने ते दोन खडे चाचपले. मग म्हणाले, की वरच्या माळ्यावर दोन पेट्या आहेत. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं त्या सालातल्या. तेव्हा त्यांना डोळ्यांचं बारीक काम बंद होतं, म्हणून त्या कवट्या नुसत्या धुऊन ठेवल्या, साफ केल्या नाहीत. पुढे प्लॅस्टिकच्या कवट्या आल्या आणि ह्यांची कोणाला गरजच पडली नाही.

मी जिने दोन-दोन पायऱ्यांनी चढले. बाळंतपणानंतर पहिल्यांदाच धावले असेन. मामा मागून, हळू जा, पाय मोडशील, करत येत होते. पेट्यांवर बोटभर धूळ. आत वर्तमानपत्रांत गुंडाळलेल्या अडतीस कवट्या. माळ्यावरच्या एकुलत्या खिडकीखाली आम्ही फतकल मारली. मामा कागद सोडवायचे, मी उताणी करून सुई घालायचे. गेली, गेली, गेली. आठवी अडली.

उजेडात धरली तर भोकासमोर हाडाचा धागा. बारीक, पांढरा, एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत ताणलेला. मी तो नखाने अलगद स्पर्शून पाहिला. सुई किती का शहाणी असेना, पडद्यावर भोक कितीही लख्ख दिसो, ती इथे येऊन थटणारच.

"काढू नका हां मामा," मी म्हटलं.

"हात लावीन तर शपथ," मामा म्हणाले, आणि खरंच दोन्ही हात पाठीमागे बांधून बसले.

अडतीसपैकी पाच. म्हणजे साधारण आठांत एक. मी चार वेळा मोजलं. तेवढ्यात पाळणाघरातून फोन आला, की घ्यायची वेळ होऊन अर्धा तास झाला. अर्धा तास! मी, जी पाच मिनिटं आधी जाऊन फाटकाशी उभी राहते. नवऱ्याला फोन करून त्याला पाठवलं, तर तो पहिल्यांदा घाबरलाच, माझं काही बरंवाईट झालं की काय म्हणून.

मॅडमना सांगायचं माझ्या जिवावर आलं होतं. लेख त्यांचा होता. मी आठवी कवटी आणि सदतीस नंबर दोन्ही त्यांच्या टेबलावर शेजारी-शेजारी ठेवल्या आणि भिंग दिलं. मामा दाराशी उभे. मॅडमनी एक पाहिली, दुसरी पाहिली, पुन्हा पहिली घेतली.

"मी मोजलं तेव्हा हे काठ मला दिसले होते," त्या शेवटी म्हणाल्या. "मला वाटलं, हाड पूर्ण वाढलंच नसेल. भिंग नाही घेतलं मी."

मामा म्हणाले, "बाळ, चूक माझी आहे."

"तुमची कशी मामा? तुम्हाला भोक साफ करायला सांगितलं होतं, तुम्ही केलं. मोजायचं काम माझं होतं."

एवढंच. मग त्या उठल्या. आठवी कवटी कापसात गुंडाळून बाजाराच्या पिशवीत घातली, मला म्हणाल्या, चल. अंगण ओलांडताना त्यांच्या चपला इतक्या जोरात वाजत होत्या की मला बरोबरीने चालता येईना. मला भीती वाटायला हवी होती. पण खरं सांगायचं तर मला पळत सुटावंसं वाटत होतं, शाळेत निकालाच्या दिवशी वाटायचं तसं.

सर्जन ओपीडी आटपून निघण्याच्या बेतात होते. ते माझ्याहून फार मोठे नाहीत, पण वागणं असं की जणू घड्याळ त्यांच्या मालकीचं आहे. त्यांनी उभ्यानेच ऐकलं. मग म्हणाले, की मावशींचा सीटी स्कॅन मी स्वतः पाहिला आहे, तसं काही नाही. मॅडमनी विचारलं, काप किती जाडीचे पाहिले. ते म्हणाले, नेहमीचे, पाच मिलिमीटर. मॅडमनी पिशवीतून कवटी काढली, उताणी केली आणि त्यांच्या हातात दिली. ह्या धाग्याची जाडी बघा आणि मग सांगा, पाच मिलिमीटरच्या कापात हा दिसेल का.

ते खुर्चीवर बसले.

मशीन पातळ कापच घेतं, बघायला सोपे म्हणून ते जाड करून पाठवतात, हे मला तेव्हा कळलं. मूळचे काप मशीनच्या संगणकात होते. सर्जननी स्कॅनच्या खोलीत फोन लावला आणि पंधरा मिनिटांत ते त्यांच्या पडद्यावर आले. त्यांनी माउसचं चाक फिरवायला सुरुवात केली. पडद्यावर सासूबाईंची कवटी राखाडी रंगात फिरू लागली. मला विचित्र वाटलं. रोज चहाचा कप पुढे करणाऱ्या बाईला मी आतून बघत होते. गालाचं हाड, जबड्याचा सांधा, मग तळ. लंबगोल भोक आलं. सर्जननी चित्र थोडं कलतं केलं.

"थांबा," मॅडम म्हणाल्या.

भोकासमोर एक पांढरी रेघ होती. उजव्या बाजूला. एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत.

सर्जननी ती रेघ मागे-पुढे करून तीनदा पाहिली, डावीकडचं भोक काढून पाहिलं, तिथे काही नव्हतं. मग ते खुर्चीत मागे रेलले आणि माझ्याकडे वळले. मी तिथे सून म्हणून उभी आहे की विभागाची माणूस म्हणून, हे बहुधा त्यांना ठरवता येत नव्हतं.

"मावशी हलल्या नव्हत्या," ते म्हणाले.

"नाही," मी म्हटलं. "मी पाय बघत होते."

ते हसले. पुढे ते म्हणाले, की हे आधी कळतं तर चार वेळा टोचलं नसतं, आणि हे मावशींना ते स्वतः सांगतील. आणि त्यांनी सांगितलंही. दुसऱ्या दिवशी घरी फोन आला, सासूबाईंनी कानाला न टेकवता, स्पीकरवर ठेवून ऐकला आणि माझ्या नवऱ्याकडे अशी काही नजर टाकली, की तो उगाच उठून खिडकीचा पडदा नीट करायला लागला.

पण कारण कळलं म्हणजे सुई आत गेली असं नव्हे. धागा तर तिथेच होता. त्याच्या खालून, आतल्या बाजूने एक फट राहत होती, तिथून भोकात शिरता येणार होतं, फक्त सुई तोंडाच्या कोपऱ्याच्या अधिक जवळून टोचावी लागणार होती आणि चढ उभा ठेवावा लागणार होता. सोमवारी सर्जन स्वतः आमच्या हाडांच्या खोलीत आले. माळ्यावरच्या, धागा शाबूत असलेल्या पाचही कवट्या मी टेबलावर मांडून ठेवल्या होत्या. मी टॉर्च धरला, मामांनी कवटी घट्ट धरली, आणि त्यांनी खऱ्या सुईने सराव केला. पहिल्या तीन वेळा खट्ट आवाज आला. सासूबाईंच्या गालात चार वेळा झाला असेल तोच. चौथ्यांदा सुई खालून सरकली आणि आत गेली. पाचव्यांदा, सहाव्यांदा गेली. विसाव्या वेळी तर ते पडद्यासारखा टॉवेल मध्ये धरून, न बघता घालत होते. मामा हळूच म्हणाले, आता परीक्षेत पास. सर्जनना ते ऐकू गेलं आणि ते चक्क लाजले.

मॅडमनी तोवर उरलेल्या एकशे वीस कवट्या भिंगाखाली घ्यायला सुरुवात केली होती. आपला जुना आकडा चुकला असं पत्र लेख छापलेल्या मासिकाला लिहून पाठवायचं त्यांनी ठरवलं होतं, आणि त्यात माझं आणि मामांचं नाव असणार होतं. मामा म्हणाले, माझं नको, तोडणारा म्हणून छापाल. मॅडम म्हणाल्या, सांगणारा म्हणून छापीन.

गुरुवार आला. मी पहाटेपासून गुंडीच्या टाळूवर हात ठेवून बसले होते. अजून भरली नाही ती, बोटाखाली मऊ मऊ उडत असते. हिच्याही डोक्यात ही भोकं आता आकार घेत असतील, कुठेतरी असा एखादा धागा विणला जात असेल किंवा नसेल. एरवी ह्या विचाराने माझी झोप उडाली असती. त्या दिवशी मला उलट वाटलं, की असू दे, बघणारे आहेत.

सासूबाईंना आत नेताना त्यांनी माझा दंड धरला आणि ओठ न हलवता म्हणाल्या, पाय बघ. मी बघितले. काचेतून तेच दोन पाय. एकदा खट्ट झालं असेल का, मला ऐकू येत नव्हतं. दहा मिनिटं. पंधरा. नवरा येरझाऱ्या घालत होता, मी त्याला म्हटलं, उभा राहा रे, मला चक्कर येते तुझ्याने. सतराव्या मिनिटाला सर्जन टेबलाच्या पायाकडे सरकून काचेत दिसले आणि त्यांनी मान वर केली. त्यांची पाठ माझ्याकडे होती, पण खांदे खाली आले ते मला दिसलं. मला वाटतं, मी तेव्हाच रडायला लागले.

तासाभराने आम्हाला आत सोडलं. सासूबाई उशीला टेकून बसल्या होत्या. उजवा गाल थोडा सुजलेला, ओठाचा कोपरा जड झालेला. सर्जननी कापसाचा बोळा गालावरून फिरवला. सासूबाई म्हणाल्या, लागतंय पण दुसऱ्याच कोणाच्या गालाला लागल्यासारखं. सर्जन म्हणाले, बधिरपणा काही दिवस राहील, कमी होईल. त्यांनी वारा घालून पाहिला, थंड पाण्याचा चमचा लावून पाहिला. काही नाही. तरी सासूबाईंचा विश्वास बसत नव्हता. त्या जबडा धरून बसल्या होत्या, कळ येईल म्हणून, दोन वर्षांच्या सवयीने.

आणि मग त्यांना जांभई आली.

ती येताना आम्हा सगळ्यांना दिसली. नाकपुड्या फुगल्या, डोळे बारीक झाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर भीती पसरली, कारण थांबवता येत नव्हती. नवऱ्याने माझा हात आवळला. तोंड उघडलं, आणखी उघडलं, जबड्याचा सांधा कट्‌ करून वाजला, आणि ती जांभई सुरू झाली ती संपेचना. दोन वर्षांच्या सगळ्या दाबून ठेवलेल्या जांभया एकात एक गुंफल्यासारख्या. डोळ्यांतून पाणी आलं, पण ते नुसतं जांभईचं पाणी होतं. तोंड मिटलं. सासूबाई तशाच बसून राहिल्या, आतून काही येतंय का ते ऐकत.

काही आलं नाही.

त्यांनी आमच्याकडे पाहिलं. सर्जनना ती जांभई लागली होती, ते तोंडावर हात धरून दुसरीकडे वळले होते.

"काय बघताय सगळे," सासूबाई म्हणाल्या, आणि पुन्हा तोंड उघडलं, ह्या वेळी मुद्दाम, आणि दुसरी जांभई दिली.